चार गोण्या मीठ

आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. बसवून पुरतात. माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवायचं, कपाळाला विभूती लावायची, हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग द्यायचं आणि तसंच खड्ड्यात उतरवायचं. वरून बेलाची पानं, विभूती, थोडं मीठ. मग माती.

बायको गेली तेव्हा मी चार गोण्या मीठ आणलं. रिवाजाला एक गोणीही जास्तच होते. विधी करायला आलेले स्वामी म्हणाले, "एवढं कशाला?" मी म्हणालो, "लागतंय." अशा वेळी माणसाशी कोण वाद घालत नाही. तीन गोण्या मी तिच्या चारी अंगांनी ओतल्या. चौथी वरच्या मातीत फावड्यानं कालवली, सिमिट कालवतात तशी. मुखेडजवळच्या आमच्या शेताच्या कोपऱ्यात हे सगळं झालं. गावातली माणसं म्हणाली, लई माया होती. माया होतीच. पण मीठ मायेपोटी टाकलं नव्हतं.

तिला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दीड वर्ष ती लातुरात पोराच्या घरी खाटेवर होती. पोरगा दाल मिलवर, सून शिलाईला, म्हणून सगळं मीच करायचो. एका दुपारी मी तिला शिरा भरवला. तोंड नीट पुसलं नाही. पुसलं, पण पुसल्यासारखं केलं. आणि तिथंच भिंतीला टेकून झोपलो. जाग आली तेव्हा खाटेच्या पायावरून लाल मुंग्यांची रांग चादरीवर आणि चादरीवरून तिच्या ओठांच्या कोपऱ्यात गेली होती. डावा गाल सगळा लाल. त्या अंगाला तिला सगळं कळायचं. पण हात उचलायचा जोर नव्हता आणि हाक मारता येत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मी किती वेळ घोरत होतो आणि ती किती वेळ बघत होती, हे मला आजपर्यंत कळलं नाही, आणि ती सांगू शकत नव्हती.

त्यानंतर मी खाटेच्या चारी पायांखाली मिठाच्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या. चार महिन्यांनी ती गेली, फाल्गुनात. खड्ड्याच्या तोंडाशी उभा राहून खालची माती बघितली आणि मनात म्हणालो, आता हिला एकही किडा लागणार नाही. म्हणून चार गोण्या.

त्या वेळी तिचं एक जुनं बोलणं मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो, पण आठवलं नाही. मी लातुरात एका झाडीवर राखणदार आहे. पूर्वी तिथं शहराचा उकिरडा होता, आता कडुलिंब, करंज, आपटा, बांबू असली दाट झाडी आहे. शेरडं हाकलायची, दारूच्या बाटल्या उचलायच्या आणि क्लासची पोरं-पोरी जोडीनं अभ्यासाला येतात त्यांना उठवायचं, हे माझं काम; ती खाटेवर होती तेवढं दीड वर्ष सुटलं होतं. ही धडधाकट होती तेव्हा रोपांना पाणी घालायला माझ्याबरोबर यायची. एका बेलफळाच्या बिया तिनं दुधाच्या पिशव्यांत लावल्या होत्या. तेव्हा एकदा म्हणाली, "माझ्यावर सिमिट ओतू नका बरं का. हा बेल लावा. सोमवारी पानं शोधत हिंडायचं तुमचं बंद." मी म्हणालो, "आधी मी जाईन." ती म्हणाली, "तुमी कुठं जाताव, तुमाला स्वतःचं धोतर सापडत न्हाई."

त्यातली दोन रोपं राहिली होती.

वैशाखात झाडीत एक म्याडम आली. अर्धापूरची, केळीवाल्याची पोरगी, कॉलेजात पुढचं शिकत होती. पाठीवर पिशवी, हातात कुदळ. मी गेटावर अडवलं.

"काका, मला इथले किडे मोजायचेत."

"कशावरचे?"

"मातीतले. उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, हिवाळ्यात किती."

"फवारणीवाले आलाव का?"

"नाही हो, मारायचे नाहीत. म्हणजे मारायचेत, पण मोजायला."

"मंजे मारायचेच."

ती हसली. कागद दाखवला, त्यावर शिक्का होता. मी चौथी शिकलोय, शिक्का ओळखतो. आत सोडली.

तिची रीत साधी होती. प्लास्टिकचे मोठे ग्लास काठोकाठ मातीत पुरायचे. चालता चालता किडा आत पडतो. वर एक फरशीचा तुकडा, खाली तीन खडे लावून, म्हणजे कुत्रं तोंड घालत नाही. खड्डे मी खणले. जमीन एवढी कडक होती की कुदळ उडत होती. मग ती म्हणाली, "काका, जवळ कुठं खडेमीठ मिळेल का?"

"मीठ कामून?"

"ग्लासात मिठाचं पाणी घालायचं. किडे मरतात, पण कुजत नाहीत. आठवड्यानं आले तरी जसेच्या तसे."

मी कुदळ खाली ठेवली आणि पाणी प्यायला गेलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला बरं वाटलं. शिकलेली पोरगी म्हणते कुजत नाहीत. म्हणजे मी केलं ते बरोबर होतं. मीठ मीच आणून दिलं.

आठवड्यानं ग्लास काढले तर आत मुंग्याच मुंग्या, एक-दोन वाळके कोळी, एक काळा भुंगा. दगड उलटला तर विंचू. पालापाचोळ्याखाली वाळवी. बाकी माती नुसती वीट. "उन्हाळ्यात सगळे खाली गेलेत," ती म्हणाली. "आहेत, पण हातभर खाली." ती चिमट्यानं मुंग्या मोजायची आणि मी बाजूला बसून बघायचो. एवढ्या मेलेल्या मुंग्या बघून मला समाधान वाटायचं. हे चांगलं नव्हतं, पण वाटायचं.

आषाढात मी पहिलं बेलाचं रोप मांडीवर घेऊन मुखेडच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "मामा, ह्येचं हाफ तिकीट लागंल." मी म्हणालो, "माझ्या बायकोचं हाय, फुल घे." तो हसला, मी हसलो नाही, मग त्यानं माझं तिकीट फाडलं. शेतात तिच्या जागेच्या मधोमध खड्डा करून रोप लावलं. घागरभर पाणी घातलं.

श्रावणात मेहुण्याचा फोन आला. हिचा धाकटा भाऊ. त्याचं शेत आमच्या बांधाला लागून, आमचीही जमीन तोच बघतो.

"दाजी, बेल गेला."

"शेळीनं खाल्ला आसंल."

"शेळी तोंड लावत न्हाई तितं. येऊन बगा."

गेलो. बाजूला माझ्या आईची जागा आहे, बापाची आहे. त्यांच्यावर कमरेएवढं गवत, तरोटा, केना, पिवळी फुलं. आणि मधे हिची जागा उघडी. वर पांढरा थर, भाताची पेज सांडून वाळावी तसा. बेलाची काडी उभी होती, पानं तपकिरी होऊन चिकटलेली. मेहुणा वाकून बघत होता. त्याला गुपचूप राहता येत नाही, सासरी मला पहिल्या दिवसापासून छळत आलाय. म्हणाला, "दाजी, आक्काचं लोणचं घातलाव की काय?"

बोलून गेला आणि त्याचंच तोंड उतरलं. त्यानं टोपी काढली, परत घातली. म्हणाला, "च्या घेता का?"

लातूरला परत आलो तर झाडीत म्याडम पावसाळ्याचं मोजत होती. या वेळी ती जमिनीचा एक फुटाचा चौकोन आखायची, वीतभर माती काढून पांढऱ्या कापडावर पसरायची आणि निवडायची, आपण तांदूळ निवडतो तसं. माझे डोळे तिच्यापेक्षा चांगले, म्हणून मलाही बसवलं. आणि काय ते कापड! तीच जागा, जिथं वैशाखात कुदळ उडत होती. गांडुळं, तांबडी आणि निळसर. वाणी, हात लावला की गोल पैसा होऊन पडणारा. गोम. हुमणीची पांढरी अळी. गोगलगायी, बारक्या, नखाएवढ्या. आणि पिठासारखं काहीतरी पांढरं, नजर टाकली की टुणकन उडणारं.

"याला तुमच्याकडं काय म्हणतात काका?"

"ह्येला कोण काय म्हणतंय. कुणी बगितलंय ह्येला."

"माझ्या वहीत मराठी नाव हवंय."

"पिठाळ्या लिव्ह."

तिनं खरंच लिहिलं. त्या दिवशी आम्ही पिठाळ्या मोजून बेजार झालो. मोजून होईस्तोवर निम्म्या उडून जायच्या आणि ती म्हणायची, "काका, हलू नका." मी म्हणायचो, "मी न्हाई, ह्याच हलून राहिल्यात."

मग तिनं एक करंजाचं पान उचलून दाखवलं. नुसत्या शिरा राहिल्या होत्या, जाळीसारख्या. "हे बघा. वाणी मोठे तुकडे करतो, पिठाळ्या बारीक करतात, गांडूळ माती करतं. पाऊस संपेपर्यंत या पानाची माती होते."

मी विचारलं, "आन् माणसाची?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "माणसाचीही."

"मिठात?"

मग मी सगळं सांगितलं. मुंग्यांचं सोडून. मुंग्यांचं मी पोरालाही सांगितलं नव्हतं. चार गोण्या, वरचा पांढरा थर, वाळलेला बेल. ती चिमटा हातात धरून ऐकत राहिली. म्हणाली, तिच्या बापाच्या केळीत एक कोपरा असाच आहे, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं चोपण झाला, तिथं गवतसुद्धा येत नाही. "मिठात काही जगत नाही काका. ना किडा, ना मूळ."

"मंजे ती आजून तशीच बसलीय?"

"मला नाही माहीत काका," ती म्हणाली. "मी माणसांचं नाही शिकले."

त्या दिवसापासून मला ती दिसायला लागली. माझी आई, माझा बाप, सगळे कधीच माती होऊन मोकळे झाले, त्यांच्यावर गवत डोलतंय. आणि ही तिथं मांडी घालून, ताठ, एकटी. दीड वर्ष खाटेवर जशी होती तशीच. हलता येत नाही, बोलता येत नाही. आणि या वेळी मी जागेपणी केलं होतं.

भाद्रपदात मी तिच्यावरची वीतभर माती कॅरीबॅगेत भरून आणली. झाडीत माझी पत्र्याची खोली आहे, म्याडमनं तिचं सामान तिथंच मांडलं होतं. एक चाडं, पेरणीच्या नरसाळ्यासारखं, चाड्यात जाळी, जाळीवर माती, आणि वर पिवळा बल्ब. उष्णतेनं वरची माती वाळत जाते तसे आतले जीव खाली सरकतात आणि शेवटी चाड्याच्या नळीतून बाटलीत पडतात. मी म्हणालो, दोन चाडी लाव. एकात झाडीची माती, एकात माझी. ती म्हणाली, "काका, नको." मी म्हणालो, "लाव."

दोन दिवस मी त्या बल्बासमोर बसून होतो. पोरगा जेवायला बोलवायला आला, म्हणाला, "बाबा, कामून बसून राहिलाव? अंडी उबवून राहिलाव का?" झाडीच्या बाटलीत पहिल्या दिवशीच गर्दी झाली. सरकत, पडत, एकावर एक. दुसरी बाटली तशीच. तिसऱ्या दिवशी म्याडमनं ती भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली. तिला वाटत होतं काहीतरी निघावं, निदान एक. मग वहीत लिहिलं. शून्य मला वाचता येतं.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"पावसानं मीठ हळूहळू खाली जातं. तीन-चार पावसाळे. काळ्या मातीत कदाचित जास्त."

मी स्वामींकडं गेलो. म्हणालो, वरची माती काढतो, नवी टाकतो. ते म्हणाले, समाधी उकरत नाहीत. मी म्हणालो, उकरत नाही, वरचं खरवडतो. ते म्हणाले, तुम्ही त्या दिवशीही माझं ऐकलं नव्हतं. हे खरं होतं. पोरगा म्हणाला, "गावात काय सांगायचं? बाबा येडे झालेत म्हणून?" मी म्हणालो, "तसंच सांग."

मार्गशीर्षात झाडीतले जीव परत कमी झाले. गांडुळं खाली गेली, वाणी दिसेनात, पिठाळ्या तेवढ्या दहिवरात पाचोळ्याखाली होत्या, आणि कोळी वाढले होते, बारके, पानापानावर. म्याडम तिसऱ्यांदा मोजत होती. म्हणाली, "गेले नाहीत काका, खाली थांबलेत." मी पाचोळ्याखालची दोन पोती माती भरली. तिनं बघितलं आणि बघितलं नसल्यासारखं केलं. एसटीच्या टपावर पोती चढवून गावी गेलो. मेहुण्यानं काही विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून वरची हातभर माती काढून नाल्यापलीकडं टाकली आणि झाडीची पसरली. काढताना तो म्हणाला, "आक्काला सांगा, मी फक्त वरचंच काढून राहिलोय." मी म्हणालो, "तूच सांग, तुझं ऐकायची." त्यानं खरंच वाकून सांगितलं. मग दोघंही थोडा वेळ बांधावर पाठमोरे बसलो.

पुढच्या पावसाळ्यात कडेनं हराळी आली. मधे नाही. खालचं मीठ वर येत होतं, म्याडम म्हणाली, वात पेटली की तेल चढतं तसं. तिचं लातूरचं काम संपलं होतं. घरी जाता जाता माझ्यासाठी ती मुखेडला उतरली. तिच्याकडं पेनासारखं एक यंत्र होतं. ती मातीची चिमूट बाटलीतल्या पाण्यात हलवायची आणि पेन बुडवायची, पेनावर आकडा यायचा. मधे आकडा मोठा. उताराच्या बाजूला, दहा पावलांवरही मोठा, कारण पाणी मीठ तिकडं नेत होतं. मग ती चढाच्या बाजूला आली. तीन पावलं, चार पावलं. तिथं आकडा एकदम खाली आला.

"इथं लावा काका. इथं नक्की येईल."

दुसरं रोप माझ्या काखेत होतं. मी काही बोलायच्या आधी मेहुणा पुढं आला. "तितं न्हाई, म्याडम. ती दाजीची जागा हाय."

आमच्या शेतात बाप आईच्या चढाच्या बाजूला आहे, आजा आजीच्या. तिच्या शेजारची ती जागा मोजून ठेवलेली होती, दोन खुणेचे दगडही होते, मीच लावलेले. म्याडमनं पेन पुसलं, खिशात ठेवलं, दुसरीकडं बघायला लागली.

"आणखी वर न्हाई का जमणार?" मेहुण्यानं तिला विचारलं.

"वर खडक आहे," ती म्हणाली. "आणि लांब गेलं तर मग... लांबच."

मी एक दगड उपटला.

"दाजी, मग तुमी?"

"मला कुठंबी टाका. बांधाच्या पलीकडं टाका, तुज्या शेतात."

"आक्का काय म्हणंल?"

"दीड वर्ष बोलली न्हाई. आता काय म्हणंल."

तो कुदळ धरून उभा राहिला, देईना. मग त्यानंच खणायला सुरुवात केली. माती काळी, भुसभुशीत निघाली, ढेकूळ फुटलं की आत ओल. एक गांडूळ अर्धं बाहेर आलं आणि परत आत शिरायला लागलं. मेहुण्यानं कुदळ थांबवली तोवर. त्याच जागेत मी बसणार होतो, तिच्या डाव्या अंगाला, जे अंग शाबूत होतं. मी पिशवी फाडली, रोप उतरवलं, हातांनी माती लोटली आणि पायानं दाबली नाही.

म्याडमला एसटीला सोडायला चाललो होतो. वाटेत मी विचारलं, "मुळं जातील का तिच्याकडं? चारच पावलं हायत."

तिनं खोटं बोलायला पाहिजे होतं. शिकलेल्या माणसांना ते जमत नाही. म्हणाली, "मीठ लागलं की मूळ मागं वळतं, काका. मीठ उतरेपर्यंत वळत राहील."

"आन् उतरल्यावर?"

"मग जाईल."

मी मनात मोजलं. हा दुसरा पावसाळा होता.